शाळेत माहितीपट शिकवताना : नागपुरातील शिक्षक व पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरातील माध्यमिक शाळा आणि कनिष्ठ महाविद्यालयांमध्ये आम्ही माहितीपट-निर्मितीचे वर्ग घेतो. वर्ग सुरू होण्यापूर्वी मुख्याध्यापक, शिक्षक आणि पालक जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण त्या ठिकाणी आमच्याही चुका झाल्या आणि त्या चुकांमधूनच आजची पद्धत ठरत गेली.

हा वर्ग कोणत्या इयत्तेसाठी आहे आणि तो वर्षात केव्हा घ्यावा?

आठवी, नववी आणि अकरावी या इयत्ता सर्वांत सोयीच्या. दहावी-बारावीच्या मुलांना आम्ही घेत नाही. त्यांचे मन चित्रीकरणात असते आणि घरच्यांचे परीक्षेत, त्यामुळे कोणाचेच समाधान होत नाही. विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणून जुलैच्या मध्यापासून दिवाळीच्या सुटीपर्यंत आठवड्यातून एकदा दोन तास आणि चित्रीकरणासाठी दोन रविवार, असा आमचा साधारण हिशेब असतो.

उन्हाळी सुटीत शिबिर घेण्याची सूचना दर वर्षी येते. आम्ही ती नाकारतो, आणि त्याचे कारण केवळ ४५ अंशांचे ऊन हे नाही. मे महिन्यात नागपुरात ज्या घरी मुलाखतीला जावे त्या घरी कूलर घरघरत असतो. तो बंद करावा तर बोलणारे आजोबा दहा मिनिटांत घामाघूम होतात, आणि सुरू ठेवावा तर आजोबांचे बोलणे ऐकू येत नाही.

शाळेकडे कॅमेरा नाही. मग वर्ग सुरू करता येईल का?

येईल. चार-पाच मुलांच्या गटामागे एक बऱ्यापैकी मोबाईल, एक साधा ट्रायपॉड आणि काही शे रुपयांत मिळणारा वायरचा कॉलर माईक एवढे साहित्य पुरेसे आहे. यांपैकी एकच वस्तू विकत घेणे शक्य असेल तर ती माईक असावी. चित्र थोडे अंधुक असले तरी प्रेक्षक चालवून घेतात. बोलणे नीट ऐकू आले नाही तर ते दुसऱ्या मिनिटाला उठून जातात.

मोबाईलमधील काही गोष्टी मात्र आधी ठरवून घ्याव्या लागतात. मोबाईल आडवा धरावा, एअरप्लेन मोड लावावा, फोकस आणि एक्स्पोजर (चित्रातील उजेडाची पातळी) लॉक करावे. भारतात विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्यामुळे अनेक ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होत असतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण शटरचा वेग त्याच्याशी जुळला नाही तर चित्रावर काळसर पट्टे सरकताना दिसतात. त्यासाठी शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवावा आणि शक्य असेल तेथे सेकंदाला २५ फ्रेम निवडाव्यात. मोबाईलच्या मूळ कॅमेऱ्यात ही सोय नसेल तर ओपन कॅमेरा किंवा ब्लॅकमॅजिक कॅमेरा यांसारखी मोफत अॅप उपयोगी पडतात.

फोर-के चित्रीकरणाचा आग्रह मुले धरतील; तो मानू नये. साध्या एचडी चित्रीकरणालाही मिनिटाला साधारण १०० एमबी जागा लागते, फोर-केला त्याच्या काही पट लागते, आणि शाळेच्या संगणक कक्षातील यंत्रे एवढ्या मोठ्या फायली उघडतानाच थांबतात.

पहिल्या दिवशी मुलांच्या हाती कॅमेरा का दिला जात नाही?

सुरुवातीच्या वर्षी आम्ही तो दिला होता. दोन तासांत प्रत्येक गटाने चाळीस-चाळीस शॉट आणले आणि त्यांतील एकही शॉट पाच सेकंदांच्या वर टिकत नव्हता. मुलांनी सगळे टिपले होते, पाहिले काहीच नव्हते.

आता पहिले तीन वर्ग वही आणि पेनावर चालतात. प्रत्येकाने एका जागी वीस मिनिटे बसायचे आणि जे दिसले व ऐकू आले तेवढेच लिहायचे, एवढाच पहिला अभ्यास असतो. जागा गणेशपेठच्या बसस्थानकाचा फलाट असेल, सीताबर्डीच्या रस्त्यावरची एखादी पायरी असेल किंवा शाळेसमोरची तर्री-पोह्यांची गाडी असेल. पहिल्या खेपेस बहुतेक मुले ‘खूप गर्दी होती’, ‘काका मेहनती होते’ असे लिहून आणतात. यावर एकच प्रश्न विचारावा : हे कॅमेऱ्याला कसे दिसेल? मेहनत दिसत नाही. पोहेवाल्याने सकाळपासून तिसऱ्यांदा कांदा चिरायला घेतला हे दिसते, आणि चिरताना तो गिऱ्हाइकाकडे पाहत बोलतो पण सुरी थांबत नाही, हेही दिसते. हा फरक ज्या मुलाला कळला, त्याला पुढचे शॉटचे प्रकार शिकवायला अर्धा तास पुरतो.

दुसऱ्या वर्गात हाच अभ्यास डोळे मिटून करायचा असतो. ध्वनीचे महत्त्व व्याख्यानातून पटत नाही. बसस्थानकावर डोळे मिटून बसलेल्या मुलीला कंडक्टरची शिट्टी, ऊसाच्या रसाच्या गुऱ्हाळाचे घुंगरू आणि मागच्या बाकावरचे भांडण वेगवेगळे ऐकू येऊ लागले की ते आपोआप पटते.

विषयाची निवड कशी करावी?

मुलांना विषय विचारले तर प्रदूषण, व्यसनमुक्ती, मोबाईलचे दुष्परिणाम आणि पाणी वाचवा ही यादी ठरलेली असते. ही निबंधाच्या वहीतील सवय आहे आणि तिच्याबद्दल मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. आम्ही त्या यादीला नकार देत नाही, तिला चार प्रश्न विचारतो : यात माणूस कोण, जागा कोणती, तो माणूस कॅमेऱ्यासमोर काय करताना दिसेल, आणि चित्रीकरणाच्या काळात काही बदलणार आहे का? चौथ्या प्रश्नाचे उत्तर नेहमी मिळत नाही. पहिल्या तिन्हींचे मिळालेच पाहिजे. शिवाय सायकलने पोहोचता येईल एवढ्या अंतरातलाच विषय घ्यावा, कारण तेथे एकदा जाऊन भागत नाही, चार वेळा जावे लागते.

‘पाणी’ या विषयाचे उदाहरण घेऊ. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे मुसळधार पावसाने अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरले. त्या पहाटेची बातमी सर्वांनी पाहिली आहे. परंतु तळमजल्यावरच्या एखाद्या कुटुंबाने त्यानंतर घरातील कपाटे कोठे हलवली, कोणती वस्तू आता कायम माळ्यावर असते आणि पावसाचा जोर वाढला की रात्री कोण जागे राहते, हा पाच मिनिटांचा माहितीपट आहे, आणि तो नववीच्या मुलांना करता येण्यासारखा आहे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे तान्हा पोळा भरतो आणि त्याच दिवशी शहरात काळ्या-पिवळ्या मारबतीची मिरवणूक निघते. मुलांचा ओढा साहजिकच मिरवणुकीकडे असतो. आमचा अनुभव असा की मिरवणुकीचे चित्रीकरण सर्वांचे सारखेच येते, आणि त्या गर्दीत मुलांना सांभाळणेही कठीण जाते. त्याऐवजी तान्ह्या पोळ्यापूर्वी महिनाभर लाकडी बैल घडवणारा कारागीर गाठावा. लाकूड, पटाशी, रंग, मोलभाव आणि शेवटी बोजारा (खाऊ किंवा पैसे) मागत घरोघर फिरणारी पोरे, असा क्रम तेथे आयताच मिळतो.

दीक्षाभूमीचा विषयही दर वर्षी सुचवला जातो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, हे पाठ्यपुस्तकात आहेच. ते पुन्हा निवेदनातून सांगण्यासाठी माहितीपटाची गरज नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तेथे पुस्तकांचे असंख्य स्टॉल लागतात. त्यांतील एखाद्या विक्रेत्याच्या घरी आधीच्या आठवड्यात गठ्ठे कसे बांधले जातात, कोणती पुस्तके जास्त घ्यायची हे कोण ठरवते, येथून सुरुवात केली तर तोच इतिहास एका घराच्या ओसरीवर येऊन बसतो.

एखादी कृती पुन्हा करायला सांगितली तर ते खोटे ठरते का?

हा प्रश्न मुले स्वतःहून विचारतात आणि तो या माध्यमाइतकाच जुना आहे. १९२२ साली प्रदर्शित झालेल्या रॉबर्ट फ्लाहर्टी यांच्या आर्क्टिक प्रदेशातील सुप्रसिद्ध माहितीपटात बर्फाच्या घरातील दृश्यांसाठी अर्धेच घर बांधले होते, कारण पूर्ण घरात कॅमेऱ्याला पुरेसा उजेड मिळत नव्हता. माहितीपटाला ‘वास्तवाची सर्जनशील मांडणी’ म्हणणाऱ्या ब्रिटिश माहितीपटकार जॉन ग्रिअरसन यांच्या व्याख्येतही ‘सर्जनशील’ या शब्दाने हाच वाद उघडा ठेवला आहे.

शाळेसाठी आम्ही एक व्यावहारिक रेषा आखली आहे. माणूस जे रोज करतो ते ‘काका, पुन्हा एकदा कराल का?’ असे विचारून दुसऱ्या कोनातून टिपणे चालते. तो जे कधीच करत नाही ते कॅमेऱ्यासाठी करायला लावणे चालत नाही. एका गटाने शेजारच्या आजींना डोळ्याला पदर लावायला सांगितले होते. आजींनी लावलाही, आणि मग विचारले, ‘कशासाठी रडाचं हाय?’ तो शॉट आम्ही संकलनात ठेवला नाही, पण वर्गात दर वर्षी दाखवतो, अर्थात आजींच्या परवानगीने.

याच तत्त्वाने, घडलेल्या घटनेचे चित्र नसेल तर ते कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार करून वापरण्यास आमची मनाई आहे. चित्र नसेल तर सांगणाऱ्याचा चेहरा दाखवावा, नाहीतर रिकामी जागा दाखवावी.

मुलाखत घेण्याचे प्रशिक्षण कसे दिले जाते?

सर्वाधिक वेळ आम्ही यावर देतो. ‘तुम्हाला हे काम आवडते का?’ असा प्रश्न विचारला की उत्तर ‘हो’ येते आणि मुलाखत संपते. ‘सकाळी दुकान उघडल्यावर सर्वांत आधी काय करता?’ असे विचारले तर माणूस आठवू लागतो, हात हलवू लागतो. विचारणाऱ्याचा आवाज संकलनात काढून टाकायचा असल्यास, उत्तर पूर्ण वाक्यात द्यावे अशी विनंती सुरुवातीलाच करावी. अन्यथा ‘चाळीस वर्षे’ एवढेच उत्तर हाती येते आणि कशाची चाळीस वर्षे हे कळत नाही.

माईक छातीवर, तोंडापासून साधारण वीतभर अंतरावर लावावा आणि मंगळसूत्र, उपरणे किंवा खिशातील पेन त्याला घासत नाही हे पाहावे. पंखा, कूलर आणि शक्य असल्यास फ्रिज बंद करावा. फ्रिज बंद केला तर आपल्या मोटारसायकलची किंवा सायकलची किल्ली फ्रिजमध्ये ठेवावी, म्हणजे तो पुन्हा सुरू केल्याशिवाय घरी जाता येत नाही. ही जुनी युक्ती आहे आणि तिने एका घरचे दोन लिटर दूध वाचवले आहे. मुलाखत संपल्यावर सर्वांनी गप्प बसून त्या खोलीची नुसती शांतता तीस सेकंद ध्वनिमुद्रित करावी. संकलनात दोन वाक्यांमधील भेग बुजवायला तीच लागते.

विद्यार्थ्यांना सर्वांत अवघड जाते ते गप्प राहणे. समोरचा थांबला की ती पुढचा प्रश्न टाकतात. पुराच्या आठवणी सांगणाऱ्या एका बाई मध्येच थांबल्या, भिंतीवरच्या ओलीच्या रेषेकडे पाहत राहिल्या आणि अकरा सेकंदांनी म्हणाल्या की त्या रात्री शाळेची दप्तरे आधी उचलली, दागिने नंतर आठवले. कॅमेऱ्यामागचा मुलगा त्या अकरा सेकंदांत रेकॉर्डिंग बंद करणार होता. शेजारच्या मुलीने त्याचा हात धरला म्हणून ते वाक्य मिळाले.

बोलणारी व्यक्ती वऱ्हाडी किंवा हिंदीमिश्रित बोलत असेल तर?

जशी बोलते तशी बोलू द्यावी. नागपुरात एकाच वाक्यात मराठी आणि हिंदी येतात, ‘काहून’ आणि ‘करून राहिलो’ येतात, आणि ते या शहराचेच बोलणे आहे. ‘आजी, शुद्ध बोला ना’ असे नातवाने म्हटले की आजी ताठ बसते आणि भाषण करू लागते. शाळेच्या कार्यक्रमात हे कसे दिसेल, अशी शंका एकदोन शिक्षकांनी घेतली होती. आमच्या मते तळाशी प्रमाण मराठीत उपशीर्षके दिली की प्रश्न सुटतो, आणि ती लिहिताना मुलांचे व्याकरणही तपासून होते.

संमती कोणाची आणि कशी घ्यावी?

चित्रित होणाऱ्या प्रत्येक व्यक्तीची संमती लेखी, तिला समजणाऱ्या भाषेत, एका पानात घ्यावी. ज्यांना वाचता येत नाही त्यांना तो मजकूर वाचून दाखवून कॅमेऱ्यासमोर तोंडी होकार घ्यावा. व्यक्ती अठरा वर्षांखालील असेल तर पालकांची संमती आवश्यक धरावी; २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही बालकांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या बालकाची ओळख उघड करण्यास २०१२ च्या पोक्सो कायद्याने बंदी आहे, आणि चेहरा धूसर केला तरी घर, शाळा किंवा नातेवाईक यांवरून ओळख पटते. असे विषय शालेय वर्गात घेऊच नयेत.

संमतीपत्रावर सही म्हणजे काम झाले, असे मुलांना वाटते. सही घेताना ‘हे कोण कोण पाहणार?’ या प्रश्नाचे खरे उत्तर देता आले पाहिजे. वर्गात दाखवणे, स्नेहसंमेलनात दाखवणे आणि इंटरनेटवर टाकणे या तीन गोष्टींना आमच्या पत्रकावर तीन स्वतंत्र चौकटी आहेत.

सार्वजनिक ठिकाणी चित्रीकरणासाठी परवानगी लागते का?

रेल्वे स्थानक, मेट्रो, रुग्णालय, संग्रहालय आणि बाजार समितीचे आवार येथे संबंधित कार्यालयाला शाळेच्या पत्राने आधी विचारावे. उत्तर येण्यास वेळ लागतो, म्हणून पत्र विषय ठरताच द्यावे. ड्रोन आम्ही वापरत नाही : विमानतळ शहरातच आहे, हवाई दलाच्या देखभाल कमांडचे मुख्यालयही येथेच आहे, आणि खरे सांगायचे तर वरून पाहिलेल्या नागपुरात माणूस दिसत नाही.

पार्श्वसंगीत म्हणून चित्रपटातील गाणे वापरता येईल का?

नाही. भारतात ध्वनिमुद्रणावरील स्वामित्वहक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो, आणि गीत-संगीतावरील हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे टिकतो. शिवाय करुण बासरी लावली की मुले दृश्याकडे लक्ष देणे सोडतात. पटाशीचा ठोका, मागाचा खटका, बाजारातील पुकारा हेच ध्वनी पुरेसे होतात.

संकलन कोठे आणि कसे शिकवले जाते?

कागदावर. गटाने जमवलेल्या सर्व मुलाखती आधी हाताने उतरवून काढायच्या, वाक्यांच्या चिठ्ठ्या करायच्या आणि त्या बाकावर क्रमाने मांडायच्या. दृश्यांसाठी वेगळ्या रंगाच्या चिठ्ठ्या असतात. या टप्प्यावर गटात खरी भांडणे होतात आणि ती होऊ द्यावीत, कारण कोणते वाक्य आधी यावे हे ठरवताना मुले प्रथमच ‘आपल्याला नेमके काय सांगायचे आहे’ या प्रश्नाला भिडतात. दोन तासांच्या फुटेजमधून पाच ते सात मिनिटे काढायची असतात. गाळलेल्या प्रत्येक चिठ्ठीमागे कोणाची तरी एक सकाळ गेलेली असते.

चिठ्ठ्या ठरल्यावर संगणकावरील काम तीन वर्गांत आटोपते. शॉटकट आणि केडेनलाइव्ह ही मोफत सॉफ्टवेअर साध्या यंत्रांवर चालतात. डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती उत्तम आहे, परंतु तिला ताकदीचा संगणक लागतो. फुटेजच्या प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. एका वर्षी एकाच पेनड्राइव्हवर सर्व काही होते आणि ती पेनड्राइव्ह पँटच्या खिशातून थेट धुण्यात गेली.

मुलींना चित्रीकरणासाठी बाहेर पाठवणे सुरक्षित आहे का?

प्रत्येक गटासोबत एक शिक्षक किंवा शिक्षिका असते, चित्रीकरण उजेडातच होते आणि जागेची पाहणी आधी मोठ्यांनी केलेली असते. हे मुलांनाही तितकेच लागू आहे. आमची चिंता वेगळीच आहे. गटात कामे वाटताना कॅमेरा मुलाकडे आणि वही मुलीकडे आपसूक जाते, आणि हे कोणी ठरवून करत नाही म्हणूनच ते लक्षात येत नाही. त्यामुळे प्रत्येक चित्रीकरणाच्या दिवशी कामे बदलण्याचा नियम केला आहे.

याला गुण द्यावेत का, आणि पुढे करिअरला उपयोग होईल का?

गुण द्यायचेच असतील तर तयार माहितीपटापेक्षा निरीक्षणाची वही आणि चिठ्ठ्यांचा क्रम तपासावा. करिअरबाबत कोणतेही आश्वासन आम्ही देत नाही. पुण्याच्या भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्थेतील पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी आधी पदवी लागते, म्हणजे नववीतल्या मुलासाठी तो विचार अजून बराच लांब आहे.

पूर्ण झालेला माहितीपट कोठे दाखवावा?

सर्वांत आधी तो ज्यांच्यावर आहे त्यांना, त्यांच्याच घरी किंवा दुकानात, लॅपटॉपवर दाखवावा. गटातील सर्व मुलांनी तेथे हजर राहावे. त्यानंतर शाळेत दाखवावा. दुपारी दाखवायचा असल्यास खिडक्यांना जाड पडदे आहेत का ते आदल्या दिवशी पाहावे. इंटरनेटवर टाकायचा तो तिसरी चौकट भरलेली असेल तरच, आणि प्रतिक्रियांची सोय बंद ठेवून.

पहिल्या प्रदर्शनात कोणी ‘हे एवढे काढा’ म्हटले तर ते काढतो; त्याचे कारण विचारत नाही. एका कारागिराने आपल्या कर्जाविषयी सांगितलेला चाळीस सेकंदांचा भाग काढायला लावला होता. संपूर्ण माहितीपटात तोच भाग सर्वांत चांगला होता, आणि गट दोन दिवस आमच्याशी नीट बोलला नाही. नंतर मुलांनीच संगणकापाशी बसून तो काढला, मधली भेग पटाशीच्या आवाजाने बुजवली आणि पुढच्या रविवारी सुधारलेली प्रत घेऊन पुन्हा त्यांच्या दुकानात गेली.